गप्प बसायचीही चोरी

जानेफळचा अब्दुल गनी गाद्या भरायचा. कापूस पिंजताना तोंडाला फडकं बांधलेलं, आणि फडकं सोडलं तरी तोंड मिटलेलंच, असा जन्माचा मुखदुर्बळ. निकाहात त्याचं 'कबूल है' काझींनाच ऐकू आलं नव्हतं, असं त्याची बायको हुस्नबानो आजही सांगते.

बोंडअळीनं बीटी कपाशी फस्त केली, त्याच वर्षी पोलीस ठाण्यात सभा झाली. ठाणेदार साहेब म्हणाले, कुणी वाईट मार्गाला लागण्याआधीच ओळखा. जो माणूस अचानक गप्प होईल, एकटा बसेल, त्याची खबर द्या. बोलावलं होतं फक्त मुसलमान मोहल्ल्याला.

हुस्नबानोनं त्याच रात्री गनीला गाठलं. मुलगा मतीन एसटीत ड्रायव्हर म्हणून लागणार होता, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा अडला होता. "अजी, बोला न कायतरी! बाप असा मुका दिसला तं पोराची नोकरी जाईन!"

मग काय, गनीनं तोंड उघडलं आणि बांधच फुटला. म्हशीशी बोलला, कंडक्टरशी बोलला, गिऱ्हाइकाला गादीतल्या कापसाची अख्खी कुंडली ऐकवली. मोहल्लाही चेकाळला. पोरं खिदळत नमाजाला जायची, म्हातारे उगाचच एकमेकांना टाळ्या द्यायचे. गनीला तर बोलण्याची चटकच लागली. हे सुख इतकी वर्षं कुठं होतं, असं त्याला होऊन गेलं.

एका सकाळी जमादार दयाराम दारात उभा. "चाचा, कोनी गप्प झालं काय?"

"झालं न!" गनी म्हणाला. हुस्नबानोनं कपाळावर हात मारला. "आपला पुंजाजी! अळीनं खाल्लेली पऱ्हाटी उपटली तवापासून बोलत नाही, जेवत नाही. फवाऱ्याचं औषध घरातच हाय. मले भेव लागून राह्यलं, चाला!"

"अरे, तो नाही. तुमच्यातलं विचारून राह्यलो मी."

"मंग? आमच्यातलाच हाय तो."

दयाराम गोंधळला, पण गनीनं धरलेला हात काही सुटेना. पुंजाजी ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसला होता. गनी शेजारी टेकला आणि सुरू झाला: म्हैस, कंडक्टर, कापसाची कुंडली, परत म्हैस. तेवढ्यात दयारामनं औषधाचा डबा गुपचूप बाहेर नेला. ऊन ओसरीवर चढलं. बोलण्यात म्हैस पुन्हा एकदा आली, तेव्हा पुंजाजी गर्रकन वळला.

"गप बस न बे, गन्या! डोकं खाल्लं माह्यं!"

गनीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी दोस्त बोलला होता. मग तो गप्प बसला. पोलिसासमोर, पोराचा दाखला अडलेला असताना, अगदी खुशाल.