साबुदाण्याचा कागद

साबुदाण्याची खळ शिजवून, तिच्यात ग्लिसरीन आणि व्हिनेगर घालून मी पिशव्यांसाठी पातळ कागद करत होते. गच्चीवर खळ पसरली आणि कपाळावर हात मारला. पापड घालायच्या सवयीने खाली चक्क प्लास्टिक अंथरलं होतं! ज्याला घराबाहेर काढायला निघाले, त्याच्याच मांडीवर माझा कागद वाळत होता.

खळ खरवडून मी जुन्या सुती साडीवर पसरली. शेजारच्या मालूताई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, चिकटेल ना! प्लास्टिकवरून कसा अलगद सुटतो. आणि एवढं करून हा पाण्यात विरघळणारच!"

"विरघळू दे की."

ते प्लास्टिक सासूबाईंचं. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांच्या हातचे पापड संपले, आवाजही आता नीट आठवत नाही. प्लास्टिक मात्र तसंच. माणसांची माती होते, आणि पापडाखालच्या प्लास्टिकने अमर व्हायचं? हा कुठला न्याय?

संध्याकाळी कागद साडीला चिकटून फाटलाच. मालूताईंच्या डोळ्यांदेखत मी तुकडे तुळशीच्या कुंडीत पुरले आणि पुन्हा साबुदाणा भिजत घातला. उद्याही साडीच अंथरणार आहे.