अंगठ्याऐवजी सही

आमच्या बेळगावच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना लोकसेवेचा झटका आला, तेव्हा मी तिथं नवा होतो. झटकाच म्हणायचा, कारण आला तसा तो गेलाही. कमिट्या मात्र ढीगभर झाल्या: वाचनालयाची, आरोग्याची, ग्रामसुधाराची. प्रत्येकीत तेच पाच-सहा चेहरे, तोच गार चहा, आणि खेड्यातल्या अडाणी बांधवांविषयी तोच कळवळा. टिळकवाडीतून सायकलवर येणारी आम्ही माणसं. बढतीचे दिवस जवळ आले की हा कळवळा अंमळ जास्तच दाटून यायचा.

माझ्या गळ्यात साक्षरता कमिटी पडली. दर रविवारी आगगाडीनं खानापूरला जायचं, तिथून दोन कोस चालत एका खेड्यात, आणि देवळात प्रौढांचा वर्ग घ्यायचा. शहाण्यांनी मुहूर्त काढला तो ऐन भातरोपणीचा. अख्खा गाव चिखलात वाकलेला असताना आम्ही देवळात फळा टांगून वाट बघत बसणार. मी स्वतः शेतकऱ्याचा पोरगा; रोपणी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मीटिंगमध्ये मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. नोकरी कच्ची होती.

अर्थात वर्गाला येऊन येऊन माणसं येणार किती? अहवाल तर सत्र संपायच्या आत वर जायला हवा होता. तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी डोकं लढवलं. म्हणाले, "स्वतःचं नाव लिहिता आलं की माणूस साक्षर धरा. बाकीचं पुढच्या वर्षी बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

त्या वर्गाला एक विधवा बाई न चुकता यायची. मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलेलं नाही. नवऱ्यामागं तिच्या नावावर राहिलेला भाताचा एक तुकडा, तेवढ्यावर तिचं पोट. मी तिला आक्का म्हणायचो. पेन्सिल ती खुरप्यासारखी मुठीत धरायची. चार रविवार घाम गाळून तिनं आपलं नाव गिरवलं. अक्षरं ओळखून नव्हे, रांगोळी घटवावी तसं.

"मास्तर, ह्ये माजं नाव, व्हय?"

"व्हय, आक्का."

"आन ह्यातलं पैलं अक्षार दुसरीकडं कुटं दिसलं, तर मला वळखंल?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी. किती सहज म्हणालो, त्याची आजही लाज वाटते.

नंतर साक्षरतेच्या दाखल्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. एका हातात कपबशी धरून मी दुसऱ्या हातानं सह्या ठोकल्या. छापील मजकूर काय आहे, हे बघायची तसदी कोण घेतो? आमच्या पेशात सही करायला वाचावं लागत नाही. समारंभ झाला, हार झाले, फोटो झाला. पुढच्या वर्षी कमिटीला सूतकताईचं वेड लागलं आणि देवळातला फळा तिथंच राहिला.

दोन वर्षांनी एका सकाळी आक्का माझ्या दारात उभी. खानापूरहून पहिली गाडी धरून आली होती. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच बसली.

"दिरानं कचेरीत न्हेलं, मास्तर. शेतसाऱ्याचा कागद हाय म्हनला. कारकुनानं इचारलं, अंगठा का सही? मी म्हनलं, सही येती मला. लई ऐटीत केली. अंगठेवाल्याला समदा कागद वाचून दावत्यात, दोन साक्षीदार लावत्यात. सहीवाल्याला कोन वाचून दावतंय? शेत दिराला सोडलं, असं लिवलं हुतं त्यात."

तिचं मागणं एवढंच होतं: कोर्टात येऊन सांगा, हिला नावापलीकडं अक्षर येत नाही. मी शब्द दिला. मनापासून दिला.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी बोलावून खुर्ची दिली, हीच वाईट खूण. "अहो, आपलीच साक्षर बाई निरक्षर म्हणून कोर्टात उभी राहिली तर कॉलेजची अब्रू काय राहील? आणि तुमचं कायम होण्याचं पुढच्याच महिन्यात आहे ना?" आवाज साखरेत घोळलेला.

खानापूरच्या कोर्टात आधी आक्काची जबानी झाली. मी बाहेर होतो. मग मला पुकारलं. दिराच्या वकिलानं एक कागद माझ्यापुढं धरला. तो आमचाच दाखला, आक्काच्या नावाचा. 'यांना मराठी लिहिता व वाचता येते.' तो मजकूर मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

"सही आपली?"

"हो."

"वाचून केलीत?"

आक्का माझ्याकडं बघत होती. न वाचता केली म्हणालो असतो तर कोर्ट हसलं असतं, आणि तिचं शेत कदाचित राहिलं असतं.

"हो," मी म्हणालो. "वाचून केली."

"म्हणजे मजकूर खरा?"

"खरा."

निकाल तिथंच लागला म्हणायचा. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

त्या दिवशी मात्र कोर्ट उठण्याआधी, जबानीवर राहिलेली सही घ्यायला कोर्टाच्या कारकुनानं आक्कापुढं टाक धरला. आता ती साक्षर ठरली होती ना. तिनं टाक बाजूला सारला आणि डावा अंगठा पुढं केला.

"शाई लावा," ती म्हणाली. "आन आदी वाचून दावा."

कारकून चडफडला, पण वाचू लागला. सरळ, एकसुरी आवाजात त्यानं तिची सगळी जबानी वाचली. शेवटचं वाक्य होतं, 'मला वाचता येत नाही, मास्तरांना विचारा, ते खोटं बोलणार नाहीत.'