स्टेशनसमोरचा अक्कांचा स्टँड

१९९४ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा, बेंगळुरूच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात हवालदार. शाळा चौथीपर्यंत, पण माणूस वाचायला मला कुणाला शिकवावं लागलं नाही. ती घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

आमच्या हद्दीतल्या रेल्वे स्टेशनभोवती शेतं जाऊन घरांच्या प्लॉटांचे लेआउट पडत होते. नोकरदार सकाळी समोरच्या स्टँडमध्ये स्कूटर लावून रेल्वे पकडायचे. स्टँड एका विधवा बाईचा. तिला सगळे अक्का म्हणत. त्या जागेवर दुकानं बांधायला कित्येक जण टपलेले.

एका गृहस्थाला इंदिरानगरातून चोरीला गेलेली आपली स्कूटर तिथं दिसली, नंबर बदललेली. इन्स्पेक्टर साहेबांनी अक्कांना बोलावलं.

"कोणी लावली?"

"टोकन घेतात, जातात. तोंडं किती ध्यानात ठेवू, साहेब?"

"तू सामील आहेस. स्टँडला कुलूप लागणार."

अक्का माझ्याकडे वळल्या. "अण्णा, एकदा कुलूप लागलं की जागा गेली. मग खाऊ काय?"

दसरा तोंडावर आला होता. मी म्हणालो, "साहेब, आदल्या दिवशीची आयुधपूजा होऊ द्या, गाड्यांची. मग लावा कुलूप."

"चोर पूजेला येणार होय?"

"येईल. या गावात पंक्चर सायकलीलाही हार पडतो."

"सरी, होऊ दे पूजा," साहेब म्हणाले, तोंड वाकडं करून.

पूजेला सुट्टी. लोकांनी गाड्या आदल्या दिवशीच घरी नेलेल्या, स्टँडमध्ये मोजक्या उरल्या, त्यात ती चोरीचीही. मी साध्या कपड्यांत बसून होतो. दुपारी इस्त्रीच्या शर्टातला एकजण आला. एका स्कूटरला कुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. मग दुसरीला. तिसरीकडे वळला तेव्हा मी मनगट धरलं.

"मित्रांच्या गाड्या आहेत," हेच तो ठाण्यात घोकत राहिला. हात उगारला नाही मी. "मित्रांना बोलाव, प्रसाद देऊ," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणालो. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यानं कबूल केलं.

"चोरीच्या गाडीची पूजा कशाला रे?" मी विचारलं.

"होसकोटेला विकायला मीच चालवत नेतो ना, साहेब. त्या रस्त्यावरच्या लॉऱ्या बघितल्यात? लिंबू न चिरडता कशी नेऊ?"

"अक्कांना ठाऊक होतं?"

"नाही. मी डबा घेऊन यायचो, रोजच्या गिऱ्हाइकासारखा."

चोर खाकीला भीत नाही, पण कशाला तरी भितोच. ते शोधायचं, हे मी तिथं शिकलो. कागदावर अक्का सुटल्या. लोकांच्या तोंडी मात्र 'चोरांचा स्टँड' हेच नाव बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालेले लोक स्कूटर बाहेर रस्त्यावर लावत होते. मी खाकी चढवली आणि सगळ्यांच्या देखत माझी सायकल स्टँडमध्ये नेली.

"अण्णा, तुम्हाला कुठं रेल्वे पकडायचीय?"

"टोकन द्या, अक्का."

टोकन खिशात टाकलं आणि ठाण्यापर्यंत चालत गेलो.