आतल्या खोलीतला टीव्ही

"मॅडम, मराठीत फुटबॉल कुणी बघत नाही," असं चॅनेलच्या साहेबांनी मला सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "हॅट!" समोर साहेब बसलेत, एसी चालू आहे, कशाचं भान नाही. कारण निदान एक घर बघतंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी थेरगावच्या एका शाळेत पीटी शिकवते. फुटबॉल आमच्या घरात वडिलांमुळे आला. ते कंपनीच्या टीमचे गोलकीपर. पहिली शिफ्ट सुटली की घरी न येता थेट ग्राउंडवर, आणि मी डबा घेऊन त्यांच्या मागं. पुढं मी खेळले, पंच झाले, आणि एका चॅनेलनं मोठ्या फुटबॉल लीगच्या मॅच मराठीतून सांगायचं ठरवलं तेव्हा ओळखीतून माझं नाव गेलं. आवाज घेतला, आवडला. शनिवार-रविवार हायवेवरून बस पकडायची आणि मुंबईच्या स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर बसायचं.

मराठीत फुटबॉल सांगायचा म्हणजे भाषाच नव्यानं घडवायची होती. एका दिग्दर्शकानं मला 'चेंडू लाथाडला' वगैरे लिहून दिलं. मी म्हटलं, भाऊ, हे तुमचं तुम्हीच वाचा. ऑफसाइड म्हणजे काय, तर पंगत बसायच्या आधीच पानावर जाऊन बसलेला पाहुणा, असं मी एकदा बोलून गेले आणि काचेपलीकडचे सगळे हसले. गोलच्या तोंडाशी कुणी चुकला की "अरे घाल की आत, बाबा!" हे मी ठरवून म्हणत नव्हते, ते आपोआप यायचं. आयुष्यात कुठलं काम मला इतकं आवडलं नव्हतं.

पण सीझनभरच बघू, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. मोबाइलच्या ॲपवर हिंदी-इंग्रजीच. मराठी फक्त टीव्हीवर. टीव्हीचे आकडे आले तर जाहिराती येणार, जाहिराती आल्या तर मी राहणार. हे आकडे मोजायला काही निवडक घरांत टीव्हीला एक डबी लावतात आणि त्या मोजक्या घरांवरून सगळ्या राज्याचा अंदाज बांधतात. अशी एक डबी काळेवाडीला वडिलांच्या घरात, माझ्या थोरल्या भावाकडं होती. बसवली तेव्हा मीही त्याच घरात राहायचे. पुनावळ्याला फ्लॅट घेतला तो नंतर.

घरातलं कुणी टीव्हीच्या कामाला लागलं तर तसं कळवायचं, मग डबी काढून नेतात, असा नियम आहे. दादा म्हणाला, "कशाला कळवायचं? आपल्या घरचं एक मत तरी तुला पक्कं." मी गप्प बसले. ती माझी चूक, मी नाकारत नाही.

दर मॅचनंतर दादाचा फोन यायचा. "काय बोललीस गं आज! सगळी गल्ली आपल्या हॉलमध्ये होती." तो मला माझीच वाक्यं म्हणून दाखवायचा. मला भरून यायचं. वडील गेल्यापासून माझं कौतुक करणारा तो एकटाच होता.

म्हणून साहेबांनी पुढं सांगितलं, की मॅचला जाहिराती देणाऱ्या पाइपवाल्या कंपनीनंही त्या काढून घेतल्या, आता मराठी बंद, आणि "तुमच्या पिंपरी-चिंचवडकडून तर काहीच दिसत नाही," तेव्हा मला ते पटेना. डबीबद्दल बोलायची तर सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ काळेवाडी गाठली.

हॉलमध्ये दादा नव्या मोठ्या टीव्हीसमोर पाय पसरून क्रिकेट बघत होता. मी पाणी प्यायला आत गेले, तर आतल्या खोलीत जुना टीव्ही चालू. खोलीत चिटपाखरू नाही. कधी नाव न ऐकलेलं चॅनेल, एक गुरुजी रत्नांच्या अंगठ्या दाखवतायत, आवाज अगदी बारीक. आणि डबी त्या टीव्हीला.

"वहिनी, हे कोण बघतंय?"

"कुणी नाही गं," वहिनी कणीक मळता मळता म्हणाली. "त्यांच्या ओळखीचा एक माणूस येतो. संध्याकाळी हेच लावून ठेवायचं. आवाज बंद केलेला चालत नाही म्हणाला, डबी आवाजावरूनच चॅनेल ओळखते. हॉलमधला टीव्ही त्यानंच दिला ना."

"आणि माझ्या मॅच?"

"त्या बाहेर, मोठ्या टीव्हीवर. एक सोडली नाही बघ!"

एका घरानं आकडे बुडत नाहीत, एवढं मला कळतं. त्या अंगठ्यांच्या चॅनेलचे आकडे फुगवायला आणखी किती डबीवाल्या घरांत तो माणूस गेला, मला माहीत नाही. पण हे माझं घर होतं.

मी दादाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "माझं काम गेलं. तुला माहीत होतं ना, कशावर ठरणार ते?"

"अगं पण आम्ही बघत होतोच की तुला," तो म्हणाला. खरंच गोंधळला होता बिचारा. "मोठ्या टीव्हीवर तू किती छान ऐकू यायचीस! एक घर इकडं काय, तिकडं काय. त्यात एवढं रडायसारखं काय आहे?"

"लाज वाटायला पाहिजे तुला!" मी ओरडले. वडिलांच्या घरात मी पहिल्यांदाच आवाज चढवला असेन.

तेवढ्यात उघड्या दारातून दिसणारा आतल्या डबीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. कोण कोण बघतंय हे डबी मधूनमधून विचारते. घरातल्या प्रत्येकाचा एक नंबर असतो, जो बसला असेल त्यानं आपलं बटण दाबायचं. वहिनीनं कणकेचा हात पदराला पुसला, छोटा रिमोट उचलला आणि सवयीनं भराभर दाबलं. एक. दोन. तीन. चार.

चार नंबर माझा. मी घर सोडल्याचं त्यांनी कधी कळवलंच नव्हतं.

म्हणजे सीझनभर, मी तिकडं घसा फोडून गोल सांगत होते तेव्हा, मी इकडं आतल्या खोलीत बसून अंगठ्या बघत होते. माझी मॅच न बघणाऱ्यांत पहिली मीच.

"चहा तरी घेऊन जा," वहिनी म्हणाली. मी चप्पल घातली. दादा जिन्यापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुठं बोलू नकोस हं. टीव्ही परत घेऊन जातील."