हवेचा मालक

या नटाला बसायला खुर्ची मिळाली ती पन्नाशीला टेकल्यावर. तोवर त्याने वेटर केले, कोर्टात मागच्या बाकावर बसणारे लोक केले आणि प्रेतं तर विचारूच नका. प्रेताचं काम त्याला फार छान जमतं, असं बायको सगळ्यांना सांगायची. सुट्टीच्या दिवशी घरी तालीमच चालू असते, म्हणायची.

मग ती मालिका आली. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर वसलेलं गाव, काचेखालची शेतं, आणि गावाची सगळी हवा एका जमीनदाराच्या ताब्यात. शेतकऱ्यांनी पाठीवर रिकामी नळकांडी घेऊन त्याच्या दारात यायचं, हात जोडायचे, आणि याने मनात आलं तर नळ सोडायचा. चंदेरी कोट, उंच खुर्ची, मागे दोन यंत्रमानव. त्या यंत्रमानवांच्या पत्र्याआड दोन घामाघूम माणसं होती, दर शॉटनंतर त्यांना पंख्यापुढे उभं करावं लागायचं.

पहिल्या दिवशी आमच्या नटाने डोळे वटारले, गडगडाटी हसून पाहिलं, खुर्चीवर मूठ आपटली. दिग्दर्शक काही खूश होईना.

"डोळे वटारणारे पैशाला पासरी मिळतात हो," तो म्हणाला. "आवाज न चढवता समोरचा गार पडेल, असं काही आहे का तुमच्याकडे?"

काम हातचं जाणार, हे दिसत होतं. नटाने मान एका बाजूला कलती केली, उजवा कान शेतकऱ्याकडे केला, डोळे मिटले, अंगठ्याने खुर्चीच्या हातावर हलकेच ताल धरला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पुन्हा सांग. ऐकू नाही आलं." समोरच्या शेतकऱ्याची हवा संपत आलेली. पुन्हा मागायचं म्हणजे उरलेला श्वासही खर्चायचा. दिग्दर्शकाने धावत येऊन त्याला मिठी मारली.

आता हे त्याने आणलं कुठून? घरातून. त्याच्या वडिलांची उभी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. त्या खडखडाटाने डावा कान पुरता खाल्ला, उजवा अर्धामुर्धा ठेवला. कोणी बोलायला लागलं की ते उजवा कान पुढे करत, डोळे मिटत आणि पुन्हा विचारताना संकोच वाटे म्हणून अंगठ्याने चाळा करत याच शब्दांत विचारत. समोरच्याचा एक शब्दही वाया जाऊ नये, एवढीच त्यांची धडपड. मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस. पोराला हे सगळं ठाऊक होतं. नट घरचंच वापरतो, दुसऱ्याच्या घरी डल्ला तर मारला नाही ना, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मालिका धो धो चालली. रस्त्यात लोक हात जोडून "मालक, थोडी हवा!" म्हणायचे आणि हा खुशीत मान कलती करायचा. वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला, याच्या बहिणीकडे राहायचे. फोनवर विचारलं की ते "पाहतो रे, पाहतो," एवढंच म्हणत. त्यापुढे विचारायचं याने शिताफीने टाळलं.

एके दिवशी बहिणीचाच फोन आला.

"बाबांचा चांगला दात उपटला."

"कोणी?"

"दातांच्या डॉक्टरने. न्हावी उपटणार आहे का? त्याने विचारलं, हाच दुखतो ना? बाबांनी मान हलवली."

"अगं, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचं ना!"

बहीण म्हणाली, "दादा, तुला खरंच कळत नाही, की झोपेचं सोंग घेतोयस?"

आणि तिने सांगितलं. बाबा वाण्याच्या दुकानात सवयीने "पुन्हा सांग, ऐकू नाही आलं" म्हणाले आणि सगळी रांग खो खो हसली. वाण्याने हात जोडले, "मालक, दया करा, हवा सोडा!" मनात वाईट कोणाच्याच नव्हतं. पण तेच न्हाव्याकडे झालं, तेच बँकेत झालं. तेव्हापासून बाबांनी विचारणंच सोडलं होतं. काहीही कानावर पडो, न पडो, मान हलवायची. साखरेच्या जागी मीठ मिळालं तर तेही मुकाट घरी आणायचं.

इतकी प्रेतं केलेल्या त्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो बहिणीकडे पोचला तेव्हा वडील खिडकीशी बसले होते, गाल सुजलेला. त्याने शेजारी बसून, वाटेत घोकलेली माफी हलक्या आवाजात मागितली. वडिलांनी मान हलवली. "हो, हो. बरोबर आहे."

एक अक्षरही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. वाण्याला मिळायची तीच मान आता पोरालाही मिळाली होती. माफी मागायची तर ओरडूनच मागायला हवी होती. खिडकी उघडी, खाली शिंप्याचं दुकान. लाज तर गिळायलाच हवी होती.

"बाबा, तो जमीनदार मी तुमच्यावरून उचलला! माझं चुकलं!"

खालचं शिलाई मशीन थांबलं.

"ओरडू नकोस," वडील म्हणाले. "मला पहिल्याच भागात कळलं होतं." ते गाल चोळत राहिले. "एक विचारायचं होतं. लहानपणी तूही माझ्यासमोर असाच उभा असायचास का रे? त्या शेतकऱ्यासारखा, घाबरून?"

कसला घाबरून! बाबांनी जवळ वाकावं म्हणून हा लहानपणी मुद्दाम हळू बोलायचा. त्या मिटल्या डोळ्यांपुढे आपण बोलतोय ते जगातलं सगळ्यात मोठं काम आहे, असं त्याला वाटायचं. हे सगळं त्याला सांगायचं होतं. पण "नाही" एवढाच शब्द कसाबसा फुटला, तोही आवाजाविना.

वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. मान हलवली.

"असू दे," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायचंस ना. मी डोळे उघडे ठेवून ऐकलं असतं."