दोन्ही बाह्या डाव्या

माझे सासरे शिंपी. त्यांना घरात बाबा आणि दुकानात सगळे मास्तर म्हणतात आणि आमचे हे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, स्वतःला मालक म्हणवतात. कापणी मास्तरांची, शिवण कारागिरांची आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मालकांचं, अशी दुकानातली वाटणी. कोट कापणं हा तर बाबांच्या डाव्या हाताचा मळ. एकाहत्तरी उलटली तरी ते कात्री दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत.

गेल्या वर्षी आम्ही मोठा फ्रिज घेतला. जुना चालू होता, आणि चालू वस्तू टाकणं आमच्या घरात महापाप. स्वयंपाकघरात दोन मावेनात. मग मीच तोड काढली, जुना बाबांच्या खोलीत ठेवू. रात्री गार पाणी हाताशी! अशी सून शोधून सापडायची नाही, हे मी स्वतःच दोघीतिघींना सांगितलं. प्लगची जागा तेवढी पलंगाच्या उशाशी होती.

तो फ्रिज दर वीस मिनिटांनी घुर्रकन सुरू व्हायचा आणि बंद होताना असा हिसका द्यायचा, की आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. "बाबा, आवाजाचा त्रास होत नाही ना?" मी दारातूनच विचारलं. असं विचारलं की उत्तर सोयीचं मिळतं.

"चालायचंच," ते म्हणाले.

"अगं, मशिनींच्या खडखडाटात जन्म गेलाय त्यांचा," हे म्हणाले. "फ्रिजचं काय घेऊन बसलीस!"

बाबा दिवसा पेंगायला लागले. एकच माप दोनदा विचारायला लागले. चहा पिऊन झाला तरी चहाची वाट बघत बसायचे, आणि आठवण दिली की चिडायचे. आम्ही समजूतदार माणसं. एकमेकांकडे बघून मान हलवायचो आणि वयाला औषध नाही म्हणायचो.

मग वकीलसाहेबांचा कोट आला. एकेरी कापडावर एक बाही कापली की दुसरीसाठी कागदी साचा उलटा ठेवायचा, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. बाबांनी तो उलटला नाही. कापड संपलं आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. कारागिरानं त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. बाबांनी त्यातली एक उचलून स्वतःच्या उजव्या हाताला लावून बघितली.

"मळच डाव्या हाताचा, मग बाही उजवी कशी येणार?" हा विनोद ह्यांनी चार गिऱ्हाइकांना ऐकवला. चौघंही हसली.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांना विचारलं, "झोप कशी आहे? खोलीत रात्री कसला आवाज?"

"छे हो!" उत्तर ह्यांनी दिलं. "स्वतंत्र खोली दिलीय त्यांना." डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. बाबांना तोंड उघडावंच लागलं नाही, इतका मुलगा तत्पर.

एकदा दुपारी डबा घेऊन मी दुकानात गेले, तर बाबा दिसेनात. ट्रायल रूमचा पडदा सारला. ते स्टुलावर बसून, टांगलेल्या कोटांत डोकं खुपसून गाढ झोपले होते. मी हाक मारली तशी चोरी पकडल्यासारखे दचकले.

"इथं बरं वाटतं गं. लोकरीत आवाज मुरतो."

"आणि घरी?"

"घरी जाग येते आणि जाते. सकाळी आठवत पण नाही. वाटतं, झोपलो होतो की रात्रभर. अंगाला मात्र कळतं."

"मग बोलायचं नाही का बाबा?"

"तू एवढ्या मायेनं फ्रिज ठेवलास. नको कसं म्हणू?"

मला माझ्या मायेची लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी प्लग उपटला. आतलं दूध नासलं म्हणून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. बापाची वर्षभराची झोप नासली, तेव्हा ह्यांनी चकार शब्द काढला नव्हता. अर्थात मीही काढला नव्हता.

आठवड्याभरात बाबांची नजर निवळली. एके सकाळी शर्टाला इस्त्री करून ते सगळ्यांच्या आधी तयार झाले. डबा घेऊन मीही मागोमाग निघाले. दुकानात कापणीच्या टेबलाशी एक अनोळखी गृहस्थ मखमल कापायच्या तयारीत उभे होते. नवीन मास्तर. ह्यांनी आम्हा दोघांनाही न विचारता नेमलेले.

"बाबा, आता तुम्ही आराम करायचा," हे म्हणाले. "वेळ जात नसेल तर काजं-बटणं बघा."

बाबांनी मखमलीवरून लांबूनच नजर फिरवली. "पाठीच्या भागाची लव वर जातेय आणि पुढच्या भागाची खाली. एकाच कोटाचे दोन रंग दिसतील." नवीन मास्तरांनी तळवा फिरवून बघितला आणि खडूच्या खुणा पुसायला लागले.

"राहू दे हो बाबा, ते बघून घेतील," हे म्हणाले.

बाबा कोपऱ्यात जाऊन बसले. पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला आणि विचारलं, "कुठला कोट घेऊ?"

रात्री त्यांच्या शांत खोलीतून संथ घोरणं ऐकू येत होतं. ह्यांनी ते कौतुकानं ऐकलं आणि मला म्हणाले, "बघितलंस? कात्री काढून घेतली आणि कशी छान झोप लागायला लागली!"