गुरुवारचा सुपर्ब

ग्राहक कंपनीच्या ऑडिटर मॅडमनी टेबलावर आमचेच परत आलेले बारा ब्रॅकेट मांडले. शेजारी माझ्या सहीचा रिपोर्ट ठेवला. ब्रॅकेटच्या कडेला बर होती. बर म्हणजे प्रेसवर पत्रा कापला की कडेवर उभी राहणारी धारदार किनार. ती घासून काढावी लागते, नाहीतर बोट कापतं. आणि रिपोर्टच्या रिमार्कच्या रकान्यात मी लिहिलं होतं, सुपर्ब.

मी किनवटकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. नाशिकच्या अंबडमधल्या या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि नऊ वर्षांनी इन्स्पेक्टर झालो. तेही क्वालिटी मॅनेजर जोशी साहेबांनी विश्वासाने गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, हातात दिला म्हणून. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. गावाकडे आई सांगत फिरते, पोरगा नाशकात साहेब आहे. म्हणून नोकरी जाण्याची भीती मला रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आत हजर असते.

आता सुपर्ब कुठून आला ते सांगतो.

आमच्याकडे माल गाडीत चढण्याआधी शेवटची तपासणी होते. लॉटमधले काही नग उचलायचे, गेज लावायचा, कडा बघायच्या, रिमार्क लिहायचा. वर्षानुवर्षं सगळे एकच शब्द लिहीत आले, गुड. मागच्या ऑडिटला कोणीतरी शेरा मारला की सगळीकडे तोच शब्द आहे, तपासणी खरंच होते की नुसती नक्कल? प्रश्न तपासणीचा होता. साहेबांनी उत्तर शब्दांचं काढलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर लॅमिनेट केलेली यादी लागली. सोमवारी गुड, मंगळवारी फाईन, बुधवारी सॅटिस्फॅक्टरी, गुरुवारी सुपर्ब, शुक्रवारी एक्सलंट, शनिवारी व्हेरी नाईस. आठवड्याला सहा शब्द, म्हणजे नक्कल वाटणार नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एकेकाचा अर्थ बघितला. तरी शंका राहिली, म्हणून साहेबांना सुपर्बचा अर्थ विचारला.

"गुडच रे. इस्त्री केलेला," ते म्हणाले.

खराब मालासाठी कोणता शब्द, हेही विचारलं. ती वेळच येऊ द्यायची नाही, असं उत्तर मिळालं. ते मी वहीत लिहून घेतलं. काय सांगणार, साहेबांचं सगळंच लिहून घ्यायची सवय.

पहिली तक्रार प्रेसवरून आली. वणीचे गांगुर्डे मामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी कोणाकडून तरी सॅटिस्फॅक्टरीचा अर्थ काढला आणि बुधवारी दुपारी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काल फाईन होतो, आज नुसता समाधानकारक? मशीन तीच, हात तेच. माझं काय बिघडलं रातीतून?"

मी म्हटलं, मामा, उद्या तुम्ही सुपर्ब आहात. ते आणखी चिडले. म्हणाले, "उद्या माझी सुट्टी हाय." खरंच होती. त्या गुरुवारी त्यांच्या प्रेसवर नवा माणूस होता. पत्रा कापणाऱ्या डायची, म्हणजे साच्याची, धार गेलेली त्याला कळली नाही. मी उचललेल्यांपैकी दोन नगांना बर निघाली. माझं बोट कापलं.

मी साहेबांकडे गेलो. गाडी गेटवर उभी होती. त्यांनी नग हातातही घेतला नाही. दोनच आहेत ना, मग आजचा शब्द लिही आणि गाडी सोड, म्हणाले. मी पेन घेऊन यादीसमोर उभा राहिलो. सहाच्या सहा शब्द मालाचं कौतुक करत होते. बोटाला चिकटपट्टी लावली आणि सुपर्ब लिहिलं.

मॅडमनी आता तीन महिन्यांचे रिपोर्ट पसरले. बोट खाली खाली नेत गेल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा माल दर गुरुवारीच एवढा छान कसा होतो?"

मी बोलायच्या आत साहेब बोलले. म्हणाले, मॅडम, मुलगा कष्टाळू आहे, पण शिक्षण कमी. इंग्रजी कच्चं आहे. त्याने चुकून लिहिलं असेल.

मला नऊ वर्षं आठवली. आई आठवली. तरी तोंडातून निघालं, "मॅडम, बर मला दिसली होती. साहेबांना सांगितलंही."

"मग सुपर्ब का लिहिलं?"

"गुरुवार होता."

त्यांना कळेना. मी भिंतीकडे हात केला. यादी त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे होती. त्या वळल्या, वाचली, मोबाईलवर फोटो काढला. साहेबांनी चहा मागवला. कोणी घेतला नाही.

दोन महिने आमचा प्रत्येक नग हाताने तपासूनच गाडीत गेला. साहेबांना वरून मेमो आला, असं कळलं. मला वाटलं, आता माझा नंबर. पण मॅडमच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की इन्स्पेक्टरला दोष दिसला होता, लिहायची जागा नव्हती. त्या एका ओळीने मी वाचलो.

यादी उतरली. रिमार्कचा रकानाच गेला. आता दोनच आकडे असतात, तपासले किती आणि नाकारले किती.

नव्या फॉर्मवरच्या पहिल्याच लॉटला मी नाकारले चार असं लिहिलं. साहेबांनी फॉर्म हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "राठोड, परत एकदा बघ. तीन होतात का?"

मी परत बघितलं. पाच निघाले.

साहेबांचे उपकार आहेतच. पण ज्या यादीत वाईटासाठी एकही शब्द नाही, तिच्यातून शब्द उचलून खाली आपली सही करू नये, एवढं मी शिकलो. आठवी पासला हे पुरे.